आइस क्लायंबिंगला निघताय? गाडीत बसण्याआधी काय काय तपासायचं

तूर घरात आली, कापसाची शेवटची वेचणी उरकली की जानेवारीत विदर्भातल्या गावाकडच्या पोरांना जरा उसंत मिळते. हिमाचलातल्या स्पितीत आणि लडाखमध्ये आइस क्लायंबिंगचा, म्हणजे बर्फाच्या उभ्या भिंतीवर दोर लावून चढण्याचा हंगामही नेमका तोच, साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीचा मध्य. चिखलदऱ्याला रॅपलिंगचं शिबिर केलेली, सह्याद्रीत दोन-चार गड चढलेली पोरं आता थेट बर्फावर जायला नाव नोंदवतात. चांगलंच आहे. पण तिकडची परिस्थिती पाहिली का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "गाइड हाय ना भाऊ संग, तो पाहीन."

गाइड बर्फ पाहतो हे खरं. पण घरून निघायचं की नाही, हे तो ठरवत नाही. नागपूरहून स्पितीतल्या काझाला पोचेपर्यंत तीन-चार दिवस सहज जातात. तिथवर गेल्यावर भरलेले पैसे, घरच्यांची काढलेली समजूत, स्टेटसला टाकलेले फोटो, सगळं मिळून माणसाला वरच ढकलतं. 'नको' म्हणायला गावात जितकं सोपं जातं, तितकं बर्फाच्या पायथ्याशी जात नाही. म्हणून या तपासणीचा क्रम मी गावापासून लावला आहे. बर्फ सर्वांत शेवटी येतो.

पहिली पायरी: नेमक्या कुठल्या बर्फावर नेताहेत?

जाहिरातीत 'ग्लेशियर' लिहिलेलं असतं. आपल्या देशात मात्र भर हिवाळ्यात नवख्यांना बहुतेक वेळा गोठलेल्या धबधब्यावर चढवतात. लेहजवळचं गंगल्स किंवा स्पितीतलं पिन खोरं ही अशीच ठिकाणं. खऱ्या हिमनद्या त्या दिवसांत नव्या हिमाखाली गाडलेल्या आणि चालू रस्त्यांपासून लांब असतात. गिर्यारोहण संस्थांचे विद्यार्थीही हिमनदीवर सरावाला जातात ते मुख्यतः मान्सूनच्या आधी आणि नंतर. त्यामुळे आयोजकाला पहिला प्रश्न हाच विचारायचा की हिमनदी की धबधबा, आणि त्या जागेचं नाव काय? नाव सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पैसे भरू नका.

जागा कळल्याशिवाय तपासणी करता येत नाही, कारण दोन्हीकडचे धोके वेगळे आहेत. धबधब्यावर भीती असते ती डोक्यावरच्या उतारावरून येणाऱ्या हिमाची, उन्हाची आणि बर्फामागून वाहणाऱ्या पाण्याची. हिमनदीवर मोठी भीती भेगांची, ज्यांना गिर्यारोहक क्रिव्हास म्हणतात. उन्हाळ्याच्या अखेरीस त्या उघड्या दिसतात. हिवाळ्यात त्यांच्यावर हिमाचा पातळ पूल तयार होतो आणि वरून सगळं सपाट वाटतं. खरोखर हिमनदीवर जायचं असेल तर तीन गोष्टी विचारा: ती वाट गाइड शेवटची कधी चालला, त्यानंतर हिम किती पडलं, आणि सगळ्यांना एका दोरात बांधून नेणार का? "आमच्या हिमनदीला भेगाच नाहीत" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. वाहत्या हिमनदीला भेगा असतातच.

सोबत गाइड आहे म्हणजे धोका टळला, हेही डोक्यातून काढा. आइसलँडमध्ये हिमनदीवरच्या गाइडेड सहली रोजच्याच झाल्या आहेत. तिथे २५ ऑगस्ट २०२४ ला ब्रेइदामेर्कुर्योकुल हिमनदीवर बर्फ कोसळून एक पर्यटक मेला. त्या गटासोबत गाइड होते. दिवस उन्हाळ्याचे होते, आणि बर्फातल्या पोकळ्यांत शिरण्याचा हंगाम हिवाळ्याचा, म्हणजे वेळच चुकलेली होती.

दुसरी पायरी: सिकलसेलचा रिपोर्ट

ही पायरी मुंबई-पुण्याच्या माहितीपत्रकांत तुम्हाला दिसणार नाही. आपल्याकडे मात्र ती हवामानाच्याही आधी येते.

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे. लेह ३,५०० मीटरवर, काझाही साडेतीन हजारांच्या वर. तिथे दर श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. धडधाकट माणसाचंही पहिले दोन दिवस डोकं दुखतं, मळमळतं. पण ज्याच्या रक्तात सिकलसेल आहे त्याचा प्रश्न वेगळा. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत आणि मेळघाटात सिकलसेल किती घरांत आहे, हे आशाताईंना विचारा.

'एसएस' म्हणजे रुग्ण असलेल्याने इतक्या उंचीवर जाऊच नये. 'एएस' म्हणजे वाहक. त्याला गावात काहीही त्रास नसतो, कबड्डीत तो सगळ्यांत पुढे असतो, आणि म्हणूनच तो गाफील राहतो. अशा वाहकांमध्येही जास्त उंचीवर पाणथरीचा (प्लीहेचा) रक्तपुरवठा तुटल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. डाव्या बरगडीखाली अचानक कळ उठली की ती गॅस समजून अंगावर काढतात, आणि तिथेच घात होतो. म्हणून तपासणी आधी. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी साधी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस करून एएस की एसएस ते पक्कं कळतं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे, त्यात तुमची तपासणी कदाचित झालेलीही असेल. कार्ड शोधा. वाहक निघालात तर जायचं की नाही हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा, आणि गेलात तर गाइडला आधीच सांगा. यात लपवण्यासारखं काही नाही.

हिमोग्लोबिनही त्याच वेळी पाहून घ्या. विरळ हवेच्या त्रासावर दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. ज्यांना सल्फा औषधांची ॲलर्जी आहे, त्यांनी ते डॉक्टरला आवर्जून सांगावं.

तिसरी पायरी: पुढचा अंदाज आणि मागचा आठवडा

मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला किंवा 'मेघदूत' ॲप पाहायची सवय आपल्याकडे शेतकऱ्याला आहे. तोच भारतीय हवामान विभाग तिकडचाही अंदाज देतो. स्पिती-लाहौलसाठी शिमल्याचं केंद्र, लडाखसाठी लेहचं, उत्तराखंडासाठी डेहराडूनचं.

तिकडच्या हिवाळी हवामानाचा मुख्य कर्ता म्हणजे पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारी ही वादळी प्रणाली हिमालयाला अडली की तिथे हिम पडतं. फेब्रुवारीत आपल्या हरभऱ्यावर अवकाळी पडतो, गारपीट होते, तेव्हा बातम्यांत त्याचंच नाव असतं. म्हणून निघायच्या आठवड्यात नागपूर केंद्राच्या बुलेटिनात 'पश्चिमी विक्षोभ' दिसला की शिमल्याचं बुलेटिन उघडायचंच. आपल्याकडे नुसतं आभाळ भरून आलेलं असेल, तेव्हा तिकडे खिंडी बंद झालेल्या असू शकतात.

अंदाज वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

ॲपमधलं तापमान बहुधा गावाचं असतं, चढाईच्या जागेचं नाही. हजार मीटर उंचीला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, त्या हिशेबाने पाचशे मीटर वर गेलात तर तीन-सव्वातीन अंश वजा करा. अर्थात शांत रात्री थंड हवा दरीच्या तळाशी साचते आणि हा हिशेब उलटा पडतो. तेव्हा तिथे राहणाऱ्या माणसाकडचा थर्मामीटर ॲपपेक्षा खरा.

वारा पाहा. उणे १० अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २० च्या आसपास जाणवतं. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हा आपण शेकोटी सोडत नव्हतो. आपल्या अंगाला एप्रिल-मेच्या ४५ अंशांची सवय आहे, या थंडीची नाही, हे मान्य करून बोटांची काळजी घ्या.

तिसरी गोष्ट नवखा माणूस कधीच पाहत नाही, ती म्हणजे होऊन गेलेले दिवस. चढाईच्या दिवशी कडाक्याची थंडी आहे एवढ्यावरून बर्फ चांगला ठरत नाही. पाणी झिरपत, थर बसत, अनेक रात्री सारखी थंडी राहिली की धबधबा घट्ट होतो. मध्येच दोन दिवस दुपारचा पारा शून्याच्या वर गेला, की बर्फ खडकापासून सुटायला लागतो. उलट एका रात्रीत तापमान एकदम खाली कोसळलं तर बर्फ आकसतो, ताणला जातो, आणि अधांतरी उभे असलेले बर्फाचे खांब तुटू शकतात. म्हणून निघायच्या आठ दिवस आधीपासून वहीत रोजचं कमाल आणि किमान तापमान लिहायला लागा. दोन रकाने पुरेत. आकडे हळूहळू वरखाली होत असतील तर ठीक. एकदम उडी दिसली तर गाइडला त्या दिवसाबद्दल नेमकं विचारा.

आणि दहा दिवसांपुढच्या अंदाजावर तिकीट काढू नका. डोंगरात तीन दिवसांपर्यंतचा अंदाज कामाचा असतो, पाचव्या दिवसापर्यंत नुसती दिशा कळते.

चौथी पायरी: हिमस्खलनाचं बुलेटिन

हे बुलेटिन वेगळं असतं. ते चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था काढते. पूर्वी हे काम मनालीची 'सासे' करायची. जिल्हा आणि उंचीनुसार धोका १ ते ५ पातळ्यांत दिलेला असतो. हवामान विभागाच्या पिवळ्या-नारिंगी-लाल इशाऱ्याशी याची गल्लत करू नका. रंग सारखे दिसतात, पण तो इशारा पावसा-हिमाचा असतो, आणि हा उतारावर साचलेल्या हिमाच्या अस्थिरतेचा. आकाश निरभ्र असतानाही दुसरा धोका कायम असतो. मोठी हिमवृष्टी थांबल्यानंतरचे २४ ते ४८ तास त्यातले सर्वांत वाईट, आणि नेमकं तेव्हाच ऊन पडतं, फोटो झकास येतात.

पातळी ३ ला लोक 'मधली' समजतात. युरोपातला वर्षानुवर्षांचा अनुभव असा की हिमस्खलनात सर्वाधिक माणसं याच पातळीला मरतात, कारण ४ आणि ५ ला बहुतेक जण घरीच बसतात. माझा सल्ला कडक आहे. त्या उंचीला ४ किंवा ५ असेल तर चढाई नाही. ३ असेल तर वरच्या उतारापासून पूर्ण सुटा असलेला धबधबा गाइडने नावानिशी सांगितला, तरच.

इशारा असून माणसं अडकतात, याचं ताजं उदाहरण उत्तराखंडातलं आहे. २८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे माणा गावाजवळ रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन झालं. ५४ जण सापडले, त्यातले ८ गेले. चमोली जिल्ह्यासाठीचा इशारा आदल्या संध्याकाळीच निघालेला होता. मजुरांना मुक्काम निवडायची मुभा नसते. आपल्याला असते.

धबधब्याच्या बाबतीत हा धोका का वाढतो, ते समजून घ्या. पाणी ज्या नाळेतून उतरतं, हिमही त्याच नाळेतून उतरतं. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. तसा उतार धबधब्याच्या माथ्यावर असतो आणि पायथ्याशी उभ्या माणसाला तो दिसतच नाही. गाइडला सरळ विचारा, "ऊपर ढलान कितना है, और उस पर अभी कितनी बर्फ बैठी है?" आपलं नागपुरी हिंदी तिकडे छान चालतं.

गटाकडे हिमाखाली गाडलेल्याचा माग लावणारं शोधयंत्र, हिमात खुपसून पाहायची लांब सळई आणि फावडं आहे का, तेही विचारा. गाडलेल्या माणसाला वाचवायची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते. बाहेरून मदत येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

पाचवी पायरी: रस्ता, विमान, फोन

हे पटकन उरकतो. कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद असते, त्यामुळे अटल बोगद्यातून मनालीहून लाहौलला जाता येतं, पण काझाला नाही. स्पितीला शिमला, रामपूर, रिकाँग पिओ, नाको, ताबो असंच जावं लागतं. नाकोजवळचा मलिंग नाला दरड-हिमासाठी बदनाम आहे. रस्ता चालू आहे की बंद, हे लाहौल-स्पितीचे पोलीस समाजमाध्यमांवर रोज सांगतात. हा रस्ता लांबचा असला तरी उंची हळूहळू चढते, हे शरीराच्या फायद्याचं आहे. लेहला विमानाने गेलात तर तासाभरात साडेतीन हजार मीटर. तिथे उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसते पडून राहा. आणि ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका.

लेहची विमानं सकाळची असतात आणि जानेवारीत दिल्लीचं धुकंही सकाळचंच. आपली रेल्वे त्याच धुक्यात मथुरा-आग्र्याच्या पुढे रखडते. दिल्लीत एक रात्र हाताशी ठेवा, आणि परतीलाही एक. उशीर झाल्याने आयोजकाने विश्रांतीचा दिवस कापायचं सुचवलं तर चढाईचा दिवस कापा, विश्रांतीचा नको.

लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, तो आतल्या खिशात अंगाला चिकटून ठेवा.

सहावी पायरी: 'नाही'ची रेघ कागदावर

निघायच्या चार दिवस आधी गाइडला फोन करा. आयोजकाला नाही, प्रत्यक्ष जो दोर धरणार आहे त्याला. तो बर्फ शेवटचा कोणी आणि कधी पाहिला? तिथे ऊन किती वाजता येतं? तो न जमल्यास दुसरा धबधबा कुठला? चांगला गाइड या प्रश्नांनी वैतागत नाही, उलट खुलतो. तो स्वतःहून म्हणाला की "या वर्षी तो अजून नीट बसलेला नाही, दुसरीकडे जाऊ", तर माणूस बरोबर भेटला समजा. "सब बढ़िया है, आ जाओ" एवढंच उत्तर असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. मग ठरवा.

मग कागदावर लिहून काढा, कुठल्या परिस्थितीत आपण जाणार नाही. हिमस्खलनाची पातळी, मोठ्या हिमवृष्टीनंतरचे दोन दिवस, सलग दुपारी शून्याच्या वरचा पारा, स्वतःचा ताप-खोकला. सोबत्यांना वाचून दाखवा आणि घरी आईच्या हातात एक प्रत द्या. पैसे भरण्याआधी आयोजकाशी हेही बोलून ठेवा, की हवामानामुळे चढाई रद्द झाली तर परतावा किती, पर्यायी कार्यक्रम काय. रेल्वेचं तिकीट जितक्या लवकर रद्द कराल तितके कमी पैसे कापले जातात, आणि कन्फर्म झालेल्या तत्काळ तिकिटाला परतावा नसतो. त्यामुळे शक्यतो तत्काळवर विसंबू नका. विम्याचे कागदही वाचा. बहुतेक साध्या प्रवास विम्यांत दोर लावून केलेली चढाई बसत नाही.

शेवटची पायरी: पायथ्याशी उभं राहून

इथून पुढे निर्णय गाइडचा, पण डोळे तुमचेही उघडे हवेत.

रसवंतीवर बर्फाची लादी फोडताना पाहिलं असेल. कारखान्यातून नुकतीच आलेली लादी टोच्या मारला की चौफेर चिरफळ्या उडवते, आणि तासभर पोत्याखाली राहिलेल्या लादीत तोच टोच्या नीट रुततो. धबधब्याचंही असंच. उणे १५ च्या खाली बर्फ ठिसूळ होतो, आइस ॲक्स मारली की ताटाएवढे तुकडे सुटून खालच्यावर येतात. शून्याच्या किंचित खालचा बर्फ अवजार छान धरतो, पण तापमान आणखी चढलं की तोच बर्फ पाण्याला भिडतो. नवख्याला उणे दोन ते उणे दहाच्या मधला दिवस सगळ्यांत सोयीचा.

निळसर, एकसंध दिसतो तो बर्फ साधारण घट्ट. दुधाळ पांढऱ्यात हवा अडकलेली असते. ॲक्सच्या घावाला 'ठक्' असा भरीव आवाज हवा, ढोलासारखा पोकळ आला तर मागे जागा सुटलेली आहे. बर्फाआडून पाण्याची धार ऐकू येते का? पायथ्याशी ताज्या तुटलेल्या बर्फाचे ढेकळे आहेत का? खांबाच्या माथ्यावर आडवी चीर? यातलं काही दिसलं तर गप्प न बसता गाइडला दाखवा. त्याने ते आधीच पाहिलेलं असेल, तरी दाखवा.

उभं कुठे राहायचं, हे विचारून घ्या. धबधब्याच्या सरळ रेषेत, दुसरं कोणी वर चढत असताना, कधीही नाही. हेल्मेट चढाईपुरतं नसतं, पायथ्याला पोचल्यापासून परत निघेपर्यंत डोक्यावरच राहतं. हातमोजे घालून आठाची गाठ मारता येते का, हे घरीच करून पाहिलेलं बरं. तिथे मोजे काढून गाठ मारत बसलात तर बोटं बधिर होतात.

आणि ऊन येण्याची वेळ. हिमालयात हिवाळ्याचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तरेकडे तोंड असलेला धबधबा दिवसभर सावलीत राहू शकतो, दक्षिणेकडचा मात्र हवा उणे दहा असतानाही उन्हाने पाझरायला लागतो. गाइड म्हणाला की ऊन साडेअकराला येतं, तर शेवटचा माणूस अकराला खाली उतरलेला हवा. तुमची पाळी राहिली असली तरी.